हवा भरायला सोलापूरला

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीकडं धरला आणि म्हणाले, "उजव्या फुप्फुसात ट्युबरक्युलॉसिस आहे."

मला काही कळलं नाही. मग ते "क्षय" म्हणाले, तेव्हा कळलं. मांडीवरच्या धाकट्या शिवलीलेला मी गच्च धरलं. आमच्या मुरूमला तेव्हा क्षय म्हटलं की लोक त्या घरचं पाणी पीत नसत.

मालक मात्र फोटो निरखून बघत होते. "डॉक्टरसाहेब, माझ्या बरगड्या एवढ्या ओळीत असतील असं वाटलं नव्हतं," म्हणाले.

डॉक्टर हसले. अशी बातमी ऐकून हसवणारा रोगी त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटला असावा.

मालकांचं नाव मल्लिनाथ. त्या काळी बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे; आता माझंच वय झालंय, रागावणार कोण? मुरूमच्या बाजारात त्यांचं आणि माझ्या दिरांचं आडत दुकान होतं. शेतकऱ्यांची तूर उतरवून घ्यायची आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायची. आम्ही लिंगायत. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मग दुकान. दिवेलागण झाल्यावर घरी. उंबऱ्यातच थोरली महादेवी पाठीवर चढायची. तिला तसंच घेऊन हात-पाय धुवायचे.

वर्षभर खोकला होता. तो आम्ही तुरीच्या धुळीवर ढकलला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, सदरा ढगळ झाला होता. एके दिवशी रुमालावर रक्ताचा ठिपका आला. त्यांनी तो लपवला नाही, सरळ माझ्यासमोर धरला. दुसऱ्याच दिवशी बैलगाडीनं येणेगूर आणि तिथून मोटारीनं सोलापूर गाठलं. आमच्याकडं निजामाचं राज्य, सोलापूरला इंग्रजांचं. पण मोठा दवाखाना तिकडंच.

खरं तर तो फोटो दुसरा होता. पहिला वाया गेला होता. एक्स-रे म्हणजे छातीच्या आतला फोटो, त्याला अंगावर धातू चालत नाही. आमचं लिंग चांदीच्या डबीत. फोटो काढणाऱ्यानं डबी काढायला सांगितली, तर हे हात जोडून म्हणाले, "देह हाय तोवर लिंग अंगावेगळं करत न्हाय आमी. बाकी काय म्हणाल ते करतो." तो चिडला आणि तसाच फोटो काढून मोकळा झाला. त्यात मधोमध डबीचा पांढराशुभ्र चौकोन उमटला, आजूबाजूचंही नीट दिसेना.

डॉक्टर आले, फोटो बघून म्हणाले, "तुमचा देव दारातच उभा राहिलाय. आत बघू देत नाही."

मला वाटलं, आता हाकलून देतील. पण ते स्टुलावर बसले आणि विचारलं, "ह्याची पूजा कुठं ठेवून करता?"

"तळहातावर."

"मग आताही तळहातावरच घ्या की. अंगावेगळं होत नाही आणि माझी वाटही मोकळी होते."

मालकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! दोरा सैल करून डबी मुठीत धरली आणि छाती ताठ करून उभे राहिले. आजारी माणसाच्या श्रद्धेची थट्टा न करणारा डॉक्टर मिळणं हे अर्धं औषध आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

उपाय होता न्यूमोथोरॅक्सचा, त्याला तिथं ए.पी. म्हणत. बरगड्यांमधून जाड सुई घालायची आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या बाजूला हवा सोडायची. त्या दाबानं आजारी फुप्फुस मिटून बसतं. मोडलेला हात बांधून ठेवतात तसंच हे. हलणं थांबलं की आतली जखम भरू लागते. पण हवा हळूहळू जिरते, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. सुरुवातीला आम्ही तिथंच राहिलो. नंतर दर काही आठवड्यांनी सोलापूरची खेप ठरलेली.

वाटेत कुणी विचारलं, "अप्पा, कुठं निघालाव?" की हे म्हणायचे, "हवा भरून आणतो. चाक बसलंय."

नळदुर्गच्या पुढं हद्दीवर नाका होता. तिथं गाठोडी उघडून बघत. आमच्याजवळ झाकणाचा एक डबा असे, थुंकीचा. नाक्यावरच्या जवानानं तो उचलला. "इसमें क्या है?"

"साहब, मत खोलो," हे म्हणाले.

मत खोलो म्हटल्यावर त्याला दम कुठला! अफूच असणार म्हणून त्यानं झाकण काढलं. पुढं काय झालं ते लिहीत नाही. हात धुवायला पाणी मीच दिलं. पुढच्या खेपेला तोच जवान लांबूनच ओरडला, "जाने दो, जाने दो! हवा वाले अप्पा हैं!" नंतर तर तो मोटारवाल्याला सांगून यांना खिडकीची जागा मिळवून द्यायचा.

डॉक्टरांनी घरच्यासाठी सांगितलेलं सगळं मी पाळलं. मोकळी हवा, दूध, पडून राहणं, ताट-वाटी वेगळी, थुंकी जाळून टाकायची आणि लेकरं लांब. म्हणून मळ्यात तीन बाजूंनी उघडं छप्पर घातलं आणि यांचा मुक्काम तिथं हलवला. दिवसभर मी तिथं. संध्याकाळी अंघोळ करून, लुगडं बदलून गावातल्या घरी जायची. पोरी जावेजवळ असत. माझ्या जावेनं शिवलीलेला आपल्या लेकरासारखं सांभाळलं, ते ऋण मी विसरणार नाही.

सगळ्यात अवघड होतं ते लेकरांना लांब ठेवणं. यांनी त्यावर तोड काढली. छपरापासून बऱ्याच अंतरावर विहिरीच्या पाण्याचा पाट होता. दिवस कलला की जाऊ पोरींना घेऊन यायची, त्या पाटाच्या पलीकडं बसायच्या आणि हे अलीकडून बोलायचे. जुन्या दाराच्या फळीवर चुन्यानं परातीएवढी अक्षरं काढून त्यांनी महादेवीला वाचायला शिकवलं, मराठी आणि कानडी दोन्ही. शाळेतलं शिक्षण उर्दूत, तेही मुलांपुरतंच. गोष्ट सांगताना खोकला आला की हात वर करायचे. पोरी गप्प बसायच्या. हात खाली आला की गोष्ट पुढं.

पूजेचंही तसंच. नाम घेताना उबळ यायची. मला वाईट वाटायचं. हे म्हणायचे, "शिवाला सवय झालीया आता. थांबतोय तो."

दोनेक वर्षांनी डॉक्टर म्हणाले, "स्पुटम निगेटिव्ह." म्हणजे थुंकीत जंतू सापडत नाहीत. "लेकरांना जवळ घ्या आता."

त्या संध्याकाळी हे पाट ओलांडून गेले. महादेवी धावत येऊन बिलगली. शिवलीला मात्र जावेच्या मागं लपली. तिनं जन्मात बाप पाटाच्या अलीकडंच बघितलेला! बोट दाखवून म्हणाली, "अप्पा, तिकडं जावा. तुमची जागा तिकडं हाय."

आम्हाला हसावं की रडावं कळेना. हे गुमान परत फिरले आणि पाटाच्या काठाला बसले. रोज थोडे थोडे जवळ सरकत गेले. हाक मारली नाही, खाऊ दाखवला नाही. मी म्हणायची, "अहो, उचलून घ्या की एकदा." तर म्हणायचे, "तिला येऊ दे."

मग एक दिवस तिनं पाटावरचा एक चतुर किडा पकडला, तो दाखवायला गेली, आणि दाखवता दाखवता मांडीवर बसली. हे हलले नाहीत. पाय बधिर झाले, पूजेची वेळ टळली, तरी हलले नाहीत. मी खुणेनं विचारलं, पूजा? तर ओठांवर बोट ठेवलं.

पुढची काही वर्षं चांगली गेली. हवा भरायच्या खेपा चालू होत्या, दुकानात थोडा वेळ बसता येत होतं. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. नाका बंद, मोटारी बंद, सोलापूरची वाटच तुटली. हवा भरता आली नाही, मिटलेलं फुप्फुस उघडलं आणि खोकला परत आला. मिलिटरी येऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर आम्ही सोलापूर गाठलं तेव्हा डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीकडं धरला. "दुसऱ्या बाजूलाही गेलंय," म्हणाले. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं नवं इंजेक्शन निघालं होतं, ते त्यांनी खटपट करून मिळवलं. त्यानं काही महिने मिळाले. यांची खाट पुन्हा मळ्यातल्या छपरात गेली.

त्याच महिन्यांत महादेवीच्या सोयरिकी येत होत्या. दीर म्हणाले, "दादा, आजाराचं आत्ताच बोलायला नगं."

"पयलं तेच बोलायचं," हे म्हणाले. "लपवून दिलेली पोर आयुष्यभर खाली मान घालून वागंल."

दोन स्थळं उठून गेली. मी रात्रंदिवस धास्तावलेली. तिसरं उमरग्याकडचं. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, महादेवीला चार ओळी वाचायला लावल्या, मराठी आणि कानडी. ती खडाखडा वाचून मोकळी. "कुणी शिकिवलं?" त्यांनी विचारलं.

"अप्पांनी."

ते उठून थेट मळ्यात आले आणि यांच्या खाटेजवळ बसले. लांब नाही, जवळ. "लगीन गावात करू नका," म्हणाले. "मुलीच्या बापाला उठवत न्हाय. जिथं तुमी, तिथं मांडव."

लग्न मळ्यात झालं. पाटाच्या दोन्ही बाजूंना पंगती बसल्या. हे उशीला टेकून बसले होते आणि प्रत्येक पाहुण्याला "पोटभर जेवा, इथली हवा चांगली हाय" म्हणत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळची पूजा झाल्यावर ते गेले. त्रास झाला नाही. आम्ही सगळी जवळ होतो.

आता या आजाराला गोळ्या आहेत. त्या पुऱ्या घेतल्या की माणूस बरा होतो. तुमच्या घरी कुणाला झाला तर लपवू नका, औषध मधेच सोडू नका आणि आजारी माणसाला हसू द्या. कुणी विचारतं, ती वर्षं कशी काढली हो तुम्ही? काढली कसली! हे धडधाकट राहून दुकानात बसले असते, तर माझ्या पोरींना बाप दिवे लागल्यावर तेवढा दिसला असता. त्या आजारपणात तो त्यांना भरपूर मिळाला. माझ्या संसारातली ती वर्षं कुणी परत घेतो म्हटलं, तर मी देणार नाही.