शेपटीसाठी एक माणूस

१२ एप्रिल, शनिवार. सकाळचं काम: बादलीतले कापडाचे तुकडे पिळून बघणे.

कालपासून भिजत घातले होते. साधं पाणी चालत नाही, म्हणून तरणतलावातलं क्लोरीनचं पाणी दोन बाटल्या भरून कोपरखैरण्यात घरी आणलं होतं. टिकल्यांचं कापड कोरडं असताना पिसासारखं होतं, ओलं झाल्यावर गोधडी. शिवाय बादलीच्या तळाशी मूठभर टिकल्या. रद्द. रेक्झिन ताणलं जात नाही. रद्द. पोहण्याच्या पोशाखाचं हिरवं लायक्रा तेवढं पास झालं. रंग जसाच्या तसा, ओढून सोडलं की परत जागेवर.

मत्स्यकन्येची शेपटी शिवायला घेतली होती, घालून पोहता येईल अशी. स्वतःसाठी. वय बावन्न. मुलगी पहिलीत असताना फॅन्सी ड्रेससाठी पुठ्ठ्याची केली होती. तिला ती घालून पाण्यात बसायचं होतं. पुठ्ठ्याचा लगदा होईल म्हणून मी ओरडले, आणि पुढच्या वेळी खरी करून देईन म्हटलं. ती वेळ आली नाही. आता ती बंगळुरूला असते. घरात मी आणि शिलाई मशीन. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला लावलं, त्यालाही दोन वर्षं झाली.

तलावावरच्या सरांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "करा ना मॅडम. पण पाय एकत्र अडकवून उतरणार, तर हाताच्या अंतरावर एक माणूस पाहिजे. एकटीला नाही सोडणार."

म्हणून यादीत लिहिलं: कापड, इलॅस्टिक, रबरी फिन्स, माणूस. माणसापुढे जागा मोकळी सोडली. आधी सामान जमवू म्हटलं.

खवल्यांसाठी वरून मासे पकडायचं जुनं जाळं लावायचं मनात होतं. दुपारी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात गेले. नेहमी जिच्याकडून बोंबील घेते ती कोळीण सुकट पसरत होती. शेपटीचं ऐकून आधी पोट धरून हसली.

"बाय, जाल्यान मासली धरतान. तू सोता कशाला घुसतेस?"

"नुसतं दिसायला. वरून टाचायचं."

"हाताचा बोट आरकला तरी सुटत नाय जाल्यान. मानसाच्या अंगावर जाला घालून पानी नको." मग तिनं माझ्या हातातलं लायक्रा ओढून पाहिलं. "कमरंला काय लावतेस?"

"चेन."

"चेन पान्यात आरकते. आपल्या हातान झटक्यात उतरला पायजे." आणि सुकट पसरता पसरताच, "बाजूला कोन हाय तुज्या?"

मी पाव किलो सुकट घेतली आणि निघाले.

जाळं नाही, चेन नाही. कमरेला रुंद इलॅस्टिक, ओढलं की खाली. शेपटीच्या टोकात फोमही भरला नाही, फोमने पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. जुने रबरी फिन्स प्लास्टिकच्या जाड शीटवर बसवले. संध्याकाळपर्यंत शिवून झाली. पलंगावर पसरली तर पलंगाची दुसरी बाजू भरली.

मुलीचा फोन आला. सांगितलं.

"आई, तू बरी आहेस ना?"

"शिवणकाम केलंय. ताप नाही आला."

"एकटी नको हं उतरूस."

"एकटी कुठे? तलावात शेजारच्या पट्ट्यात एक बाई असतात. निळ्या टोपीच्या."

"नाव काय त्यांचं?"

दोन वर्षांत आमचं बोलणं एवढंच: तुमचा टॉवेल पडला. "कुकरची शिट्टी झाली," म्हणून मी फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅचच्या आधीच जाऊन पायऱ्यांवर बसले. निळ्या टोपीच्या बाई आल्या. मी पिशवीतून शेपटी काढली आणि म्हणाले, "हे घालून उतरायचंय. दहा मिनिटं माझ्याजवळ उभ्या राहाल का?"

त्यांनी कापड दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, कमरेचं इलॅस्टिक ओढून पाहिलं.

"चेन नाही?"

"नाही."

"बरं केलंत," म्हणाल्या, आणि गॉगल कपाळावर चढवून माझ्या पट्ट्यात उतरल्या.