खोक्यातला पाइप

पनवेलमधला आमचा मेकॅनिक बॉनेट उघडलं की आधी गिऱ्हाइकाला गप्प बसवतो आणि मग इंजिनाला कान लावतो. माझ्या टर्बोवाल्या स्पोर्ट्स कारसाठी मी हवा ओढणारा जाडा पाइप खास मागवून त्याच्या हवाली केला. तासाभराने त्याने चावी दिली. "नेऱ्यापर्यंत एक राउंड मारून या, शेठ."

मी परतलो तो हवेतच. "काय पळते हो! पाइप बसवल्याचा फरक लगेच कळतो!"

त्याने शांतपणे खोकं पुढे सरकवलं. पाइप आतच होता. "मी नुसता फिल्टर झटकलाय. आता तुमीच सांगा, बसवू का नाय?"

मी हट्टाने बसवून घेतला. तेव्हापासून गाडी जरा मंदच वाटते, पण त्याला सांगायची सोय नाही.