हळदीच्या जागेवरचा दवाखाना

वसमतमध्ये माझा दातांचा दवाखाना आहे. त्याच गल्लीत राहणाऱ्या शेजाऱ्याशी मी बोलत नाही आणि तोही माझ्याशी बोलत नाही. नवे पेशंट कधी कधी विचारतात, एवढं झालं तरी काय. झालं ते असं.

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तो मोकळा होता. मूळ मालक नांदेडला राहायला गेलेला, त्यामुळे हा शेजारी, हळदीचा व्यापारी, वर्षानुवर्षं तिथं शिजवलेली हळद वाळवायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं गोदाम, मध्ये आमचा प्लॉट, आणि गल्ली संपते तिथं थोडी पडीक जमीन. आम्ही आखणीचा चुना टाकत होतो त्या सकाळी तो आला. साठीच्या पुढचा, डोक्याला रुमाल बांधलेला. तो माझ्या नवऱ्याशी बोलला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"दवाखाना कुठंबी व्हतो. हळदीला जागा कुठून आणू आता?"

नवरा कॉलेजात शिकवतो, त्याला समजावून सांगायची सवय. जागा कशी रीतसर घेतली हे तो सांगत राहिला आणि म्हातारा मध्येच पाठ फिरवून निघून गेला. त्यानंतर त्याची हळद गल्लीच्या टोकाला, त्या पडीक जमिनीवर वाळू लागली.

महाशिवरात्र झाली आणि अवकाळी सुरू झाला. काळी माती ती. पायाचे खड्डे पाण्यानं भरले, कडा ढासळल्या. मिस्त्रीनं मोटार लावून पाणी बाहेर काढलं. उतार गल्लीच्या टोकाकडे, पाणी तिकडेच गेलं आणि हळदीखाली शिरलं. म्हाताऱ्यानं गडी लावून आमच्या प्लॉटसमोर मातीचा बांध घातला, तसं पाणी परत खड्ड्यात आलं. मिस्त्रीनं बांध फोडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घातलेला. पाऊस पडला की हेच. वरून पडणाऱ्या पाण्यानं जी हळद काळी पडली तीही आमच्याच नावावर गेली. ही बाई आली आणि बिनमोसमी पाऊस घेऊन आली, असं तो बाजारात सांगत फिरला. तेव्हा मी भाड्याच्या खोलीत पेशंट बघायचे, तिथं दाढ काढायला आलेल्या एका बाईनंच मला ते सांगितलं. मी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि दाढ काढली.

गुढीपाडवा झाल्यावर कसेबसे कॉलम उभे राहिले आणि स्लॅबचा दिवस ठरला. सकाळी मजूर आले, मिक्सरचा टेम्पो आला, आणि गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा उभा. नवरा गोदामात जाऊन विनंती करून आला. किल्ली सापडत नाही, एवढंच उत्तर मिळालं. मग मी गेले.

"काका, गाडी काढा. माझी माणसं खोळंबलीत."

"माझी हळद खोळंबली तवा तुमी आलता का इचारायला?"

"पाणी मी पाडलं नाही."

"मोटार कुनाची व्हती?"

मी बाहेर येऊन टेम्पोच्या सावलीत उभी राहिले. मजुरांना म्हटलं, कुणीही जायचं नाही.

दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला. टोकाला त्याची सगळी हळद उघडी पसरलेली. किल्ली लगेच सापडली. ट्रॅक्टर सरळ झाला आणि हळद भरायला गल्लीच्या टोकाकडे धावला. त्याच्या मागून मी टेम्पो आत घ्यायला लावला.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, पाऊस येऊन राहिला. आज ऱ्हाऊ द्या."

"उद्या ट्रॅक्टर परत आडवा लागेल. सुरू करा."

मिक्सर गल्लीतच मांडला. काँक्रीट वर जाऊ लागलं तेवढ्यात म्हातारा भरलेली ट्रॉली घेऊन गोदामाकडे निघाला आणि आमच्या मिक्सरपाशी अडकला. त्याच्याकडची ताडपत्री तोकडी होती, वरची हळद उघडीच होती. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, दहा मिनिटं मिक्सर हलवू, जाऊ दे त्यांना. मी नाही म्हटलं. स्लॅब मध्ये थांबवला तर सांधा राहतो आणि पुढे तिथून गळतो, हे कारण खरं होतं. पण ते नसतं तरी मी हलवला नसता. सकाळपासून जो राग पोटात होता तो त्या वेळी मला गोड लागत होता.

पाऊस आला, गाराही आल्या. आम्ही स्लॅबवर प्लास्टिक ओढत होतो आणि खाली म्हातारा ट्रॅक्टरवर भिजत बसला होता. हळदीचं पिवळं पाणी ट्रॉलीतून गळत होतं. तो ओरडला नाही. वर माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या दवाखान्यात माझ्या घरचं माणूस मेलं तरी यायचं न्हाई."

"नका येऊ," मी म्हणाले.

स्लॅबवर खड्डे पडले, त्यावर पुन्हा गिलावा करावा लागला, पण तो गळत नाही. दिवाळीच्या आत दवाखाना सुरू झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं गोदामाच्या हद्दीत, माझ्या वेटिंग रूमच्या खिडकीला लागून उंच पत्रे ठोकले. तिथं आता दिवसाही लाइट लावावी लागते. त्याच्या घरचे दातांसाठी नांदेडला जातात. शब्द पाळला त्यानं.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो त्या पत्र्यामागेच हळद शिजवतो. धूर आत येतो, खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून खोकतो. नवरा अजून म्हणतो, एकदा जाऊन बोलून ये. मी खिडकी लावून घेते आणि पुढच्याला आत बोलावते.