शेंदराची वाट

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या दोस्ताच्या, दिगूच्या, तोंडातला सगळा चहा माझ्या सदऱ्यावर आला होता. आणि तो तर त्या दिवशी माझ्यासोबतच होता!

तर झालं असं, की आम्ही वडवणी-नेकनूरकडची चौदा माणसं हिमाचलात डोंगर बघायला गेलो. खरेखुरे डोंगर! आपल्याकडं बालाघाटच्या रांगा आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांच्यावर चढून पलीकडं काय दिसतं? पुन्हा माळ, पुन्हा तूर.

आमच्या मंडळींना, म्हणजे सुमनला, लग्न झाल्यापासून डोंगराचं वेड. शेतात खुरपता खुरपता मान वर करून विचारायची, "अवो, त्या डोंगराच्या पल्याड काय असंल?"

मी म्हणायचो, "दुसरा डोंगर."

"अन् त्याच्या पल्याड?"

"अगं, खुरप की!"

बावीस वर्षं हेच चाललं होतं. शेवटी मी शब्द दिला, की एकदा तुला अशा शिखरावर उभं करतो, जिथून पलीकडचं सगळं एका नजरेत दिसेल. शब्द दिला म्हणजे दिला!

निघताना मायनं माझ्या हातात एक पुडी ठेवली. शेंदूर! सोबत तेलाची इवलीशी बाटली. "परक्या शिवारात पाय टाकशील तवा आदी तिथल्या देवाला शेंदूर लाव. मंग म्होरं जा." आमच्या बांधावर म्हसोबा आहे. पेरणी असो नाहीतर मोटार बसवायची असो, त्याला शेंदूर लावल्याशिवाय आमच्या घरात काही सुरू होत नाही. मी पुडी खिशात टाकली. इथंच घात झाला.

काय दरी होती राव ती! खाली देवदाराचं रान, मधून धावणारी नदी आणि चारी बाजूंनी शिखरं. प्रत्येक शिखरावर दरी बघायची एक जागा, तिला सगळे 'पॉइंट' म्हणायचे. पहिल्या दिवशी पहिला पॉइंट गाठला तर एवढं धुकं, की मी दिगूलाच सुमन समजून हात धरला. दुसऱ्या दिवशी उंचीनं सुमनचं डोकं धरलं आणि ती दिवसभर खोलीत पडून राहिली. उरला तिसरा पॉइंट. सगळ्यात उंच! तिथून म्हणे बर्फाची आख्खी रांग दिसते. हा हुकला की आमची गाडी परतीला लागणार होती.

आमचे गाईड ठाकूरजी संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगायला लागले, "दस बजे के बाद बादल आ जाता है. उससे पहले ऊपर पहुँचना." पुढं वाटेबद्दलही ते बरंच काही सांगत होते. मी ऐकायला थांबलो का? छे! मी तेवढ्यात काठी विकत घ्यायला गेलतो.

सकाळी सहाला सगळे निघाले. नेकनूरचे नाना गुडघ्यानं अधू, म्हणून ठाकूरजी त्यांच्यासोबत सगळ्यात मागं. मधे सुमन आणि बाकीची मंडळी. आणि मी? मला कुठला दम निघतोय! "तू ये सावकाश," मी सुमनला म्हणालो, "मी म्होरं जाऊन तुझी जागा धरतो." एसटीत रुमाल टाकतात ना, तशी मी शिखरावर जागा धरणार होतो. दिगूला ओढत मी सुटलोच.

थोडं चढलो आणि पहिला देव भेटला. वाटेच्या कडेला उभा धोंडा, त्यावर लाल रंग!

"दिगू, बघ बे! हितंबी म्हसोबा हाय!"

मी बूट काढले, हात जोडले, बूट घातले. पन्नास पावलांवर दुसरा. पुन्हा बूट काढले. पुढं तिसरा, चौथा! तुम्ही कधी डोंगरात चढायचे बूट घातलेत का? नाडी ओवायलाच पाच मिनिटं जातात. पण देवापुढं बूट घालून उभं राहायचं? आपल्याच्यानं नाही होत ते.

"लई देवभोळी मान्सं हायेत," दिगू धापा टाकत म्हणाला. "पर इतके देव कावून रं?"

"कडा बघितलास का केवढा हाय? घसरलास तर धरायला कुनी नगं का?"

दिगूनं कड्याकडं बघितलं आणि पुढच्या धोंड्यासमोर त्यानं माझ्याआधी बूट काढले.

काही देवांचा रंग पार उडालेला. मला खरंच वाईट वाटलं हो! मी पुडी काढली, तेलात शेंदूर कालवला आणि एकेकाला असा काही लावला, की लांबून झगझगायला लागले. पुढं एका वळणावर खाली ओढ्याचा आवाज आला. मुख्य वाट सोडून आम्ही बाटल्या भरायला उतरलो. उतरताना चार धोंडे दिसले, बिचारे बिनरंगाचे. त्यांनाही लावला. आणि ओढ्याकाठी पोचल्यावर मला आठवल्या आसरा. पाण्याकाठच्या सात देवता, आपल्याकडं विहिरीवर सात खडे मांडतात त्या. मी सात सुबक गोटे मांडले, शेंदूर लावला, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणालो, "बायांनो, माजी सुमन मागून यायलीय. तिला नीट घिऊन या."

घेऊन आल्या हो! अगदी नीट घेऊन आल्या.

पुडीत चिमूटभरच शेंदूर उरला, तो माघारी माझ्या म्हसोबासाठी ठेवला. मग आम्ही पुन्हा वर येऊन मुख्य वाट धरली आणि पुढच्या देवांना नुसता रामराम करत साडेआठला शिखरावर पोचलो.

अहाहा! मी ओरडलोच! समोर बर्फाची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत! ऊन पडलेलं, खाली नदीचा दोरा. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, लहान पोरासारखा उड्या मारत होतो. सुमन आता येईल, हे बघेल, या विचारानंच माझे डोळे भरून आले.

नऊ वाजले. सुमन नाही. साडेनऊ. कुणीच नाही. पावणेदहाला ठाकूरजी आणि नाना तेवढे वर आले.

"बाकी के लोग किधर हैं?" मी विचारलं.

"वो तो हमसे आगे थे! मैंने कहा था, लाल निशान देखकर चलते जाना." मग ते थांबले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अच्छा, रास्ते में पत्थरों पर सिंदूर किसने लगाया?"

मी छाती पुढं काढली. "मैंनेच लगाया! सब देवां को लगाया. कुछ देव तो एकदम सूखे पड़े थे ना!"

ठाकूरजी म्हणाले, "भाईसाहब, वो देव नहीं है. वो रास्ते का निशान है. रंग हम लोग लगाते हैं."

दिगूनं आपल्या बुटांकडं बघितलं.

मी जो पळत सुटलो, तो थेट वळणावर. मुख्य वाटेवरचे पुढचे लाल ठिपके फिके, आणि ओढ्याकडं उतरणारे माझे चार धोंडे लखलखत होते. खाली गेलो तर आमची अकराच्या अकरा माणसं ओढ्यात पाय सोडून बसलेली. सुमननं सात आसरांना हळदकुंकू वाहून बिस्किटांचा नैवेद्यही दाखवला होता!

"अवो, लई बारका पॉइंट हाय हो ह्यो," ती म्हणाली. "बर्फ कुटाय?"

मी वर बघितलं. शिखर ढगात गेलं होतं.

सगळं सांगावं लागलं. "तू नीट वर पोचावीस म्हनूनच मांडल्या गं त्या आसरा," असंही सांगितलं. बाकीच्यांनी मला काय काय ऐकवलं, ते इथं बायामाणसांसमोर सांगण्यासारखं नाही. पण सुमननं माझ्याकडं पाठ फिरवली आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकला.

ठाकूरजींनी माझ्याकडून ते चारी धोंडे घासून घेतले. तेलातला शेंदूर नुसत्या पाण्यानं निघतो होय? साबणाची आख्खी वडी संपली! आसरांना मात्र सुमननं मला हात लावू दिला नाही, तिनं स्वतः एकेक उचलून पाण्यात सोडल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला आमची गाडी सुटणार होती. पहाटे मी दोघांचे बूट घेऊन सुमनसमोर उभा राहिलो.

"आता कोन्ता देव दावायचा राह्यलाय?" ती म्हणाली.

"चल गं. एकदाच चल."

आम्ही दोघंच निघालो. लाल ठिपका दिसला की माझे हात आपोआप नाडीकडं जायचे आणि मागून आवाज यायचा, "बूट काडू नगा!" सावकाश चढलो. मी एकदाही तिच्या पुढं गेलो नाही.

वर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच बर्फावर आलं होतं. सुमननं माझी बाही घट्ट धरली. किती वेळ ती नुसती बघत होती! पदरानं डोळे पुसायची, पुन्हा बघायची. मग हळूच म्हणाली, "अवो, ह्याच्या पल्याड काय असंल?"

"विचारू आपन ठाकूरजींना," मी म्हणालो. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला एवढा आनंद झाला, की मीही डोळे पुसले.

तिनं ते बघितलं. माझ्या खिशात हात घालून ती उरलेली पुडी काढली. बोट शेंदरात बुडवलं आणि माझ्या कपाळाला चांगला ठसठशीत लावला. मग दोन पावलं मागं सरली, बूट काढले आणि हात जोडले.

"समदे झाले," ती म्हणाली, "ह्यो एकच धोंडा राह्यला हुता."