पांढऱ्या कोटाचे वैरी

पांढऱ्या कोटाविरुद्ध एकट्याने युद्ध पुकारलेला माणूस साऱ्या देशात एकच आहे, आणि तो सॉल्ट लेकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. डॉक्टरकाका सैन्यात मुलांचे डॉक्टर होते. शेवटची बदली इथे बंगालात, फोर्ट विल्यमला झाली, निवृत्त झाले, आणि काकू गेल्यावर पुण्याला परतायचं राहूनच गेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की पांढरा कोट दिसला की कित्येक पोरांचा रक्तदाब नुसत्या भीतीने चढतो, आणि मग आपण औषध देत बसतो ते त्या भीतीला. म्हणून त्यांच्या घरात पांढरं काही नाही. पडदे जांभळे, लुंगीवर पोपट, बनियन निळा. रसगुल्लासुद्धा ते गुळाचा तांबूसच आणतात. "पांढरा बघून एखादं पोर दचकलं तर?" असं हा माणूस अगदी गंभीरपणे विचारतो.

त्यांची दुसरी निष्ठा शांततेवर. मोजण्याआधी पोराने पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, आणि भोवतालच्यांनीही. एकदा सियालदह स्टेशनबाहेर कुठलंसं तपासणी शिबिर चाललं होतं. एका रडत्या मुलाच्या गुबगुबीत दंडावर, आकडा उगाच चढवणारा अरुंद पट्टा आवळलेला काकांनी पाहिला आणि ते थेट आत घुसले. पट्टा बदलायला लावला, मग हात वर करून सगळ्या रांगेला गप्प केलं. सियालदहला, भर गर्दीच्या वेळी! लोक खरंच थांबले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "के मारा गेलेन, दादा?" काका ओरडले, "अजून कुणी नाही! गप्प राहिलात तर कुणी मरणारही नाही!"

आमच्या घरावर वेळ आली ती सईमुळे. सई माझ्या भावाची मुलगी, दहा वर्षांची, पोहण्यात मासोळी. शाळेच्या तपासणीत तिचा रक्तदाब जास्त निघाला, मग दवाखान्यात दोनदा निघाला. पोहणं बंद झालं, स्पर्धेच्या संघातून नाव निघायची वेळ आली, गोळ्यांचं बोलणं सुरू झालं. वहिनीने पापड, लोणचं आणि हसणं तिन्ही घरातून हद्दपार केलं. सई रडून म्हणाली, "आत्या, ती डॉक्टर आली ना, की माझं हार्ट नुसतं उड्या मारतं!" मला यात सत्तेचा सरळसरळ जुलूम दिसला. मुलांना घाबरवायचं, आणि घाबरली म्हणून त्यांनाच आजारी ठरवायचं! मी निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. काकांनी कागद बाजूला सारला. "पत्रक नको. आधी नीट मोजू. खरंच जास्त निघाला तर गोळीही देऊ. माझं भांडण कोटाशी आहे, औषधाशी नाही."

त्या दिवसापासून सई रोज संध्याकाळी वर जाऊ लागली. गुळाचा रसगुल्ला, पाच मिनिटं शांतता, मग मोजणं. रोज ठीक. पण दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, घरचे आकडे पुरेसे नाहीत, दिवसरात्र मोजणारं यंत्र लावू. मी भांडायला उठले, तर काकाच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पोपटांच्या लुंगीवर कोण विश्वास ठेवणार?"

यंत्र कमरेला, पट्टा दंडाला. थोड्या थोड्या वेळाने ते घुरघुरायचं, आणि तेवढा वेळ हात हलवायचा नाही. सई ओरडायची, "स्टॅच्यू!" आणि अख्खा वर्ग पुतळा व्हायचा, म्हणे बाईंसकट. संध्याकाळी फुचकावालाही, म्हणजे इथला पाणीपुरीवाला, पाण्यात बुडवलेला फुचका हवेत धरून उभा राहिला. "पहले दीदी का मशीन हो जाए," त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांना बजावलं. पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं, पण गडी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आलेख आला. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. वहिनीने तर डोळेच मिटले होते.

"यंत्र बांधताना आणि सोडताना, दवाखान्यात, दोन्ही टोकांना सह्याद्री," काका म्हणाले. "मध्ये सगळा सपाट बंगाल. फुचक्यालासुद्धा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. गोळी नाही, वर्षातून एकदा मोजत राहा, पोरीला पोहू द्या. वहिनी रडत रडत पापड तळायला गेली.

काका जिंकले. पण त्यांचं जिंकणं असं विचित्र, की जिंकले की पोर हातचं जातं. ज्याला काही झालेलं नाही, ते कशाला जिना चढेल? परवा संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर जिन्यात होते, तर सई ओल्या केसांनी धाडधाड वर आली. "सई, गुळाचे आणलेत गं," काका म्हणाले. "उद्या, काका! ट्यूशनला लेट झाली!" म्हणत ती आमच्या दारात शिरलीसुद्धा. काका तिला वाट द्यायला भिंतीला टेकले होते, ते तसेच थोडा वेळ टेकून राहिले.

"दम लागला नाही बघ तिला," ते म्हणाले, आणि सावकाश वर गेले.