चौथ्या कोपऱ्यातल्या सोंगट्या

माझी पहिली पोस्टिंग बर्फातल्या मिलिटरी हॉस्पिटलात झाली. मी नर्सिंग सर्व्हिसची लेफ्टनंट. आदिलाबादजवळच्या तामसीच्या उन्हात वाढलेली पोर, तिथं कानटोपी घालूनच झोपायची. एका सकाळी वरच्या पोस्टवरून रेडिओवर निरोप आला, "दोन कॅज्युअल्टी. बेशुद्ध. खाली पाठवतोय." दोघं बंकरात पत्ते खेळत होते. आत शेगडी पेटलेली. वारा येतो म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं. नायक दिलबाग वाचला नाही. दुसरा शुद्धीवर आला तेव्हा एवढंच म्हणत राहिला, "मॅडम, वो गलत पत्ते फेंक रहा था. मैं हँसता रहा."

आता निवृत्त होऊन गावी आलेय, तिथल्या यंदाच्या थंडीचं सांगते. धुकं हटेना, कापूस वेचायला कोणी जाईना. घरात आम्ही तिघी. मी, माझी वहिनी आणि तिची सून सविता. मधे कोळशाची शेगडी, खिडकी मी स्वतः उघडी ठेवलेली. फरशीवर खडूनं पट काढला, चिंचोके घेतले आणि अष्टचंगा सुरू. काय रंगला म्हणता! वहिनी खेळते कमी, लबाडी जास्त. चार पडले की पाच घरं चालते. धरलं तर वरून ओरडते, "काऊन वं बाई, मिल्ट्रीत मोजणं नाई शिकवलं का तुमाले?"

माझी सोंगटी घराच्या तोंडाशी आली. मी गुडघ्यांवर उभीच राहिले. वहिनीनं चिंचोके टाकले आणि स्वतःची सोडून माझीच सोंगटी घरात नेली! सविता खो खो हसली. मीही हसले. हसता हसता थांबले. बंकरातले ते चुकीचे पत्ते आठवले.

वहिनी पकडते का बघायला पुढच्या डावाला मी मुद्दाम दोन घरं जास्त चालले. वहिनी बघत होती. बोलली नाही.

"सविता, दार उघड! बाहेर!"

"काऊन, आत्याबाई? आता तर मजा येऊन राह्यली..."

"आधी बाहेर!"

वहिनीला गोधडीसकट ओढत आम्ही अंगणात आणलं. ओठ हलत होते, शब्द नव्हता. परत आत जाऊन मी पडदा सारला. खिडकीत उशी कोंबलेली. माझ्या नकळत, अर्थात वहिनीनंच. कोळशाचा विषारी वायू खोलीतच साठलेला, बंकरात साठला होता तसाच. ॲम्ब्युलन्स आली, आदिलाबादच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती नर्सवर ओरडली, "हा काय चहा हाय का वं?" तेव्हा मी खाली बसले.

घरी आल्यावर तिला दिलबागचं सांगितलं. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदाच. 

दुसऱ्या दिवशी तिनंच पट काढला. खिडकी सताड उघडी, आम्ही गोधड्यांत. चौथा कोपरा आमचा नेहमी रिकामा असतो. तिथं तिनं चार सोंगट्या मांडल्या.

"ह्या कोणाच्या?" सवितानं विचारलं.

"दिलबागच्या. त्याचा डाव मी टाकीन."

थंडी अजून आहे, खेळ रोज चालतो. दिलबागची सोंगटी वहिनी दर वेळी एक घर जास्त चालवते.

मी मोजते. बोलत नाही.