शिळं पाणी

आमच्या दारासमोरच्या बागेचा फलक आज रंगवून झाला. चैत्रातला कडुलिंब फुललाय, त्याच्या गोडसर वासात ऑइलपेंटचा उग्र दर्प मिसळलाय, आणि खिडकी लावून घेतली तरी तो घरात येतोच आहे. उद्या या बागेला ती वाढवणाऱ्या माणसाचं नाव दिलं जाईल. नाव सुचवणारा मी, अर्ज लिहिणारा मी, फलकावरच्या चार ओळीही माझ्याच. निवृत्त मास्तराला असली कामं न मागता मिळतात. त्यातल्या तिसऱ्या ओळीत मी लिहिलंय, 'रहिवाशांच्या सहकार्याने त्यांनी ही झाडे वाढवली.' हे लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही, याचीच आता लाज वाटते.

तुम्ही सोलापूरचे असाल तर पाण्याच्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, आणि तो यायच्या आधी घराघरांत उरलेलं पाणी ओतून टाकायची घाई उडते. ते नासलेलं नसतं, नुसतं शिळं असतं. पाण्यासाठी एरवी एवढे तळमळणारे आम्ही, पण ताजं येतंय म्हटलं की पिंपंच्या पिंपं गटारात उपडी करतो. आमचा हा वेडेपणा मागच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराने हेरला. दिवसपाळी संपली की केसांतले कापसाचे तंतूही न झटकता तो सायकलला दोन कॅन अडकवायचा, दारोदार ते शिळं पाणी मागायचा आणि समोरच्या ओसाड जागेत लावलेल्या रोपांना घालायचा.

आमच्या दारी तो पहिल्यांदा आला तेव्हा फरशी नुकतीच पुसून झाली होती. त्याच्या चपला मातीने भरलेल्या. मी म्हणालो, पाणी संपलं. संपलं नव्हतं. एकदा दिलं की दर पाण्याला याची फेरी लागणार, असं मनात आलं, बाकी काही नाही. तो गेला असेल असं समजून मी अर्धं पिंप मोरीत कलंडलं. आमच्या मोरीचा पाइप तेव्हा थेट समोरच्या कच्च्या रस्त्यावर सुटायचा. बाहेर डोकावलो, तर तो तिथंच उभा, आणि पाणी त्याच्या पायांवरून वाहतंय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसला आणि खुरप्याने त्या पाण्याला वाट करून देऊ लागला, पलीकडच्या वीतभर कडुलिंबाकडे.

"आलं की सर पाणी," एवढंच म्हणाला.

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळा झालो असतो. पण त्याच्या आवाजात खरोखरच समाधान होतं. त्यानंतर त्याने आमचं दार कधी वाजवलं नाही. चर मात्र राखला. मी ओतत राहिलो, तो चरातला गाळ काढत राहिला. हाक मारून 'या, घेऊन जा' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण ज्या दारात खोटं बोललो, त्याच दारात त्याला पुन्हा उभं करायचं माझ्याने झालं नाही. वर्षं गेली, झाड दुमजली घराएवढं झालं, आणि दोन वर्षांपूर्वी तो वारला.

आज संध्याकाळी त्याची बायको आली. तिला तेलुगू वाचता येतं, मराठी नाही. फलकावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं. तिसऱ्या ओळीशी तिने मान हलवली.

"व्हय सर. कुनी द्यायचे, कुनी न्हाय. तुमच्या घरचं पानी मात्र कदी चुकलं न्हाय म्हनायचे. उद्या नारळ तुमीच फोडा."

म्हणजे घरीसुद्धा त्याने माझी लाज झाकली होती. आणि तीही खोटं न बोलता.

ज्याची माफी मागायची तो माणूस गेला की विषय मिटला, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. तसं होत नाही. कधीतरी कुणीतरी त्याच्याच घरातून चालत येतं आणि आपल्याला आणखी एक संधी देतं. मघाशी ती समोरच्या खुर्चीत चांगली पंधरा मिनिटं बसली होती. मी नारळाचं कबूल केलं, आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.